चिठ्ठीवर ‘डायरेक्ट’ होतं, रिपोर्टात नव्हतं

आमच्या नवजात बाळाला तिसऱ्या दिवशी आलेली कावीळ, त्यावर उपचार म्हणून निळे दिवे, घरी सोडणं, सगळं सुरळीत झालं. अडलं ते लॅबच्या खिडकीवर.

पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही उतरली नाही, तर बिलिरुबिनचे (काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचे) दोन आकडे लागतात: टोटल आणि त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतात प्रक्रिया होऊन गेलेला भाग. डॉक्टरांनी दोन्ही लिहिले होते. रिपोर्टात नुसतं टोटल, ९.८ (मिलिग्रॅम दर डेसिलिटर). विचारलं तर म्हणे, ‘डायरेक्टची पावती वेगळी, उद्या या.’ उरलेल्या रक्तातून करा म्हटलं, तर नळी तशीच उघड्यावर ठेवलेली. उजेडात बिलिरुबिन घटतं, म्हणजे तो नमुना बाद. एवढ्याशा हाताला पुन्हा सुई!

चिडण्याचं कारण सुईपुरतं नाही. नुसत्या ९.८ वरून काहीच ठरत नाही. डायरेक्ट कमी असेल तर बहुधा आईच्या दुधाची कावीळ. ती दोन-तीन महिनेही रेंगाळते आणि दूध बंद करायचं नसतं. थायरॉइड मात्र तपासून घ्यावं. डायरेक्ट १ च्या वर गेलं तर यकृत किंवा पित्तनलिकेत बिघाड असू शकतो. पित्तनलिका बंद असेल तर कासाई शस्त्रक्रिया (आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणारी) करतात आणि ती ६० दिवसांच्या आत झालेली बरी. तिथे ‘उद्या या’ परवडत नाही.

म्हणून पावती करतानाच ‘टोटल आणि डायरेक्ट’ असं छापून आलंय का ते वाचा, नळीला फॉइल गुंडाळायला सांगा. आमचं डायरेक्ट ०.४ आलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शी रोज दिवसाच्या उजेडात बघा. पिवळी, हिरवट चालते. पांढरट, पुट्टीसारखी दिसली किंवा लघवीने लंगोटावर पिवळा डाग पडला, तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर गाठा. पहिल्या २४ तासांतली कावीळही तशीच तातडीची. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल तरीही थांबू नका.

कोवळ्या उन्हाचा सल्ला घरोघरी मिळतो. तो निळ्या दिव्यांना पर्याय नव्हे. आणि हो, ट्रंकेतली डांबराच्या गोळ्यांच्या वासाची दुपटी बाळाला लपेटू नका. जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर त्यानेच रक्तपेशी फुटून कावीळ वाढते.

वरचं अन्न सुरू झालेल्या मुलाचे तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा पिवळे पण डोळे पांढरेशुभ्र असतील, तर ती बहुधा कावीळ नसते; आधी गाजर, लाल भोपळा, पपई किती जातंय ते आठवा.