मृत्यूची तारीख मोकळी ठेवलेला बोर्ड

आमच्या धंद्यात माणूस गेल्याचं नातेवाइकांच्या पाठोपाठ आम्हालाच कळतं. मी कोल्हापुरात एका फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात डिझायनर आहे. वाढदिवस, निवडी, उद्घाटनं आणि भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्याच कॉम्प्युटरवरून मशीनला जातं. शोकाचा मजकूर टाइप करताना आता हात थांबत नाही. ११ नोव्हेंबर २०२५ च्या मंगळवारी मात्र तो थांबला.

त्या आठवड्यात कागल-मुरगूडकडच्या नगरपालिकांच्या निवडणुकीचं काम तुंबलं होतं. दुकान उघडतंय तोवर मंगळवार पेठेतल्या एका तालमीची पोरं दारात उभी.

"ताई, धरमपाजी गेले. दहा बाय आठचा बोर्ड पायजे, दुपारच्या आत."

मोबाइलवर बातमी होती, एकाच नाही तर कितीतरी ठिकाणी. धर्मेंद्र ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये आहेत हे आधीपासून कानावर होतंच, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. या पोरांचं वय वीस-पंचवीस, पण हिरो कोण विचारलं तर आज्याच्या काळातलं नाव सांगणार. १९६६ साली 'फूल और पत्थर'मध्ये हा माणूस उघड्या अंगानं पडद्यावर आला, ते त्यांच्या आज्यांनी बघितलं आणि घरात सांगत राहिले. जोर-बैठका मारणाऱ्या गावाला तो आपल्यातला वाटला तर त्यात नवल नाही.

मी फाइल उघडली. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'जन्म : ८ डिसेंबर १९३५'. त्याखालच्या ओळीत 'मृत्यू :' असं टाइप केलं आणि पाठीमागून मामांचा आवाज आला, "पोरी, थांब जरा."

मामा आमच्याकडे रंग बघायला बसतात. पूर्वी टॉकीजचे बॅनर रंगवायचे. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा बनवला, सिनेमे काढले आणि त्यांची पोस्टरंही रंगवली, हे ते आजही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. डिजिटल प्रिंटिंग आलं आणि त्यांचा ब्रश बंद पडला, पण छापून आलेल्या रोलवर लाल जास्त झालाय की निळा कमी पडलाय, हे लांबून सांगणारं दुसरं कुणी आमच्याकडे नाही.

"घरच्यांनी सांगितलंय काय?" मामांनी पोरांना विचारलं.

"टीव्हीवर दाखवत्यात की, मामा."

"टीव्ही म्हंजे घरची माणसं न्हवं. विक्रम गोखल्यांच्या वेळी काय झालं, इसरलासा?"

मला आठवत होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पुण्यात दवाखान्यात असताना रात्रीतून ते गेल्याची बातमी पसरली, मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, आणि घरच्यांना सांगावं लागलं की ते हयात आहेत. २६ नोव्हेंबरला ते खरोखर गेले. मधल्या दिवसांत त्यांच्या माणसांना काय वाटलं असेल? आपला माणूस आत श्वास घेतोय आणि बाहेर त्याच्या फोटोला हार.

पोरं चुळबुळायला लागली. दुसऱ्या पेठेचा बोर्ड आधी लागला तर काय, ही त्यांची काळजी. आमच्या गावात ती खरीच असते. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तारीख मोकळी ठेवून डिझाइन तयार करते, मशीनला घरच्यांचा शब्द आल्यावरच लावू. पोरांनी बाकावर बैठक मारली.

मग पिक्चरच्या गप्पा सुरू झाल्या. एकानं 'दशावतार' दोनदा बघितला होता. "प्रभावळकर ८१ वर्षांचे हायत लगा, आन् पिक्चर खांद्यावर घेतलाय त्यांनी." दुसऱ्याचं म्हणणं, धर्मेंद्र यांचं कॉमेडीचं काम लोकांनी नीट मोजलंच नाही. १९७५ या एकाच वर्षात 'चुपके चुपके'चा प्रोफेसर आणि 'शोले'चा वीरू एकाच माणसानं केला, दोन्हीकडं हसवलं, आणि दोन्हींचं हसू वेगळं. मला हे मनापासून पटलं. मी आणखी पुढचं म्हणेन, त्यांचं सगळ्यात मोठं काम 'सत्यकाम' आहे, पण पोरांपैकी कुणी तो बघितला नव्हता. मी त्यांना बघायला लावलाच.

एवढ्यात एकाचा फोन वाजला. ईशा देओलची पोस्ट होती : वडिलांची प्रकृती स्थिर आहे, ते बरे होत आहेत. थोड्या वेळात हेमामालिनी यांचंही आलं, त्यात तर सरळ संताप होता. बाकावरची पोरं उठून उभी राहिली. एकानं दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घातला, "जित्ता हाय वाघ!" दुकानात कामाला आलेल्या उमेदवाराच्या माणसांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र घरी गेले.

ती फाइल मी डिलीट केली नाही. ८९ वर्षांचा आजारी माणूस, हे कळत होतं. पण ती फोल्डरमध्ये दिसली की बरं वाटायचं नाही.

२४ नोव्हेंबरला, सोमवारी, ते गेले. या वेळी खरं होतं. पवनहंस स्मशानभूमीत लगेच अंत्यसंस्कार झाले, चाहत्यांना अंत्यदर्शन मिळालं नाही. तालमीची पोरं आली ती न बोलता आली.

खरं काम पुढंच होतं. त्यांनी आणलेला फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून आलेला. दहा फुटांवर नेला की चेहऱ्याचे नुसते चौकोन. मी एआयच्या ॲपमधून साफ करून घेतला. कातडी गुळगुळीत झाली, डोळे चकाकले. मामांनी बघितलं आणि मान हलवली. "ह्यो कोण? ह्यो धर्मेंद्र न्हाई." बरोबर होतं. कुणीतरी गोरागोमटा देखणा माणूस होता, धर्मेंद्र नव्हते.

मग मूळ फोटो घेतला आणि मामा शेजारी स्टूल ओढून बसले. बॅनर रंगवताना ते फोटोवर चौकटी आखून चेहरा मोठा करायचे, तसा त्यांनी स्क्रीनवर बोटानं चेहरा वाटून घेतला. "डाव्या भुवईखाली अंधार वाढव. तितला उजेड खोटा हाय. जबड्याची रेघ सरळ करू नगंस, तिथं थोडी हलू दे. ओठाच्या कोपऱ्यात हसू हाय बघ, ते पुसलंस तर सगळं गेलं." मी माउसनं एकेक सावली भरत होते. गालावरचे चौकोन मोडायला फार वेळ गेला. तरुणपणीचा चेहरा हळूहळू वर आला. शेवटी मामा काहीच बोलले नाहीत, म्हणजे जमलं होतं.

राहिला खालचा भाग. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या बोर्डावरही खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो लागतात, काळे गॉगल, हात जोडलेले. पोरांनी बारा-पंधरा फोटो आणले होते. मी म्हटलं, "या बोर्डावर दुसरा चेहरा नको. तालमीचं नाव घालूया, तेवढं पुरे." वाद होईल असं वाटलं होतं. त्यांच्यातला मोठा पोरगा स्क्रीनकडं बघत होता. "नावबी बारीक घाला, ताई," एवढंच म्हणाला.

दोरी ओवायला कडांना आयलेटच्या कड्या मारून बोर्ड गुंडाळून देईपर्यंत त्यांची जीभ मोकळी झाली होती. त्याच दिवशी 'इक्कीस'चं त्यांच्या आवाजातलं पोस्टर आलं होतं. परमवीरचक्र विजेते अरुण खेत्रपाल यांच्या वडिलांचं काम धर्मेंद्र यांनी केलंय, आणि अरुणचं काम अमिताभच्या नातवानं, अगस्त्य नंदानं. "म्हंजे जयचा नातू वीरूचा पोरगा झालाय!" एक जण ओरडला, आणि दिवसभरात पहिल्यांदा सगळे हसले. पिक्चर २५ डिसेंबरला येणार होता, नंतर १ जानेवारीवर गेला. पोरांनी मामांचंही तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? मामा म्हणाले, "म्हाताऱ्यानं डोळ्यानं काम केलंय, पोरी. जाऊन बघ." रविवारी मी गेले.