भाव आहे, पण गिऱ्हाईक नाही

रत्नागिरीत शेअर दलालाच्या कार्यालयात मी डीलर आहे, म्हणजे ग्राहकांच्या ऑर्डरी बाजारात घालतो. विक्रीची ऑर्डर घालणे हे एरवी मिनिटभराचे काम; परंतु पावसच्या एका निवृत्त गुरुजींची ऑर्डर मी घालायचे थांबलो, आणि का थांबलो हे त्यांना पटवून देण्यात सगळी सकाळ गेली.

गुरुजींकडे एका लहान कंपनीचे सहा हजार शेअर होते. आदल्या दिवशीचा बंद भाव 142 रुपये, म्हणजे कागदावर साडेआठ लाख. शेजारची हापूसची बाग विकत घ्यायचे ठरले होते आणि खरेदीखताची तारीख जवळ आली होती. "आज सगळे विकून टाक, उद्या पैसे येतीलच," असे म्हणत ते बसले. सौद्याचे पैसे 2023 पासून दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी मिळतात हे खरे. मात्र त्यासाठी आधी सौदा व्हावा लागतो.

मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. 142 रुपयांचा तो शेवटचा सौदा अवघ्या दहा शेअरचा होता. त्याखाली खरेदीदारांच्या पाच ओळी होत्या: 139.50 रुपयांना 40 शेअर, 138 ला 25, 136.10 ला 100, 135.50 ला 60 आणि 135 ला 250. बेरीज 475. पाच टक्क्यांचे सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव किती हलू शकतो याची मर्यादा, असल्यामुळे 134.90 च्या खाली त्या दिवशी सौदा होणेच शक्य नव्हते. सहा हजारांची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने विकायची ऑर्डर, घातली असती, तर पाचएकशे शेअर उतरत्या भावाने गेले असते, उरलेले गिऱ्हाइकाविना पडून राहिले असते, आणि विक्रीचा तो ढीग पाहून इतर भागधारकही घाबरून विकायला धावले असते.

"कंपनी बुडणार आहे काय रे?" त्यांनी काळजीने विचारले.

तसे मुळीच नव्हते. कर्ज नाममात्र, लाभांश नियमित. पण प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, हिस्सा 75 टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकलेला आणि उरलेले शेअर वर्षानुवर्षे न विकणाऱ्यांच्या हाती. त्यामुळे बाजारात फिरणारा मालच थोडा. कमी उलाढाल हा कंपनीवरचा ठपका नव्हे. मात्र अशा शेअरचा भाव थोडक्या पैशांत कोणीही वर चढवू शकतो किंवा खाली आणू शकतो, आणि असा चढवलेला भाव पाहून लोक स्वतःला श्रीमंत समजू लागतात, हे मला फार धोक्याचे वाटते.

मग आम्ही हिशेब मांडला. रोजची सरासरी उलाढाल तीनशे शेअरची. भाव न पाडता त्यातला तिसरा हिस्सा आपण विकायचा म्हटले, तर सहा हजारांना बाजाराचे साठ दिवस, म्हणजे जवळजवळ तीन महिने लागणार. खरेदीखत तेवढे थांबणार नव्हते. सुदैवाने त्यांच्या खात्यात स्टेट बँकेचेही शेअर होते. ते सगळे विकायला काही सेकंद पुरले आणि पहिल्या व शेवटच्या सौद्याच्या भावात रुपयाचाही नव्हे, काही पैशांचाच फरक पडला. तो वेग पाहून गुरुजी बराच वेळ दोन्ही स्क्रीन ताडून पाहत राहिले.

लहान कंपनीचे शेअर आम्ही लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या भावाखाली न विकण्याची ऑर्डर, लावून थोडे थोडे काढले. तिमाही निकालाच्या दिवशी उलाढाल अचानक वाढली, तेव्हा एकदम मोठा हिस्सा गेला. सरासरी भाव 137 च्या आसपास पडला. शेवटचे हजारभर शेअर त्यांनी लाभांशासाठी ठेवून घेतले.