१३ व्होल्ट म्हणे!

आजचा अख्खा दिवस मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, बॅटऱ्यांपायी गेला. इंजिनच्या नव्हे, आतले दिवे, पंप, पंखा ज्यांच्यावर चालतात त्या दोन. हल्ली रात्री दहालाच दिवे पेंगायला लागायचे. पण चार्जर काढल्या काढल्या मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) १३ च्या पुढे दाखवायचा आणि मी खूश! तो नुसता वरवरचा, थोड्या वेळात उतरणारा चार्ज, हे कळायला एवढे दिवस लागले.

आज दोघींना एकमेकींपासून सोडवलं, काही तास तशाच ठेवून मोजलं. एक १२.६, म्हणजे भरलेली; दुसरी ११.९, म्हणजे जवळपास रिकामी. दुसरीवर लोड टाकला तर आकडा डोळ्यांदेखत १० च्या खाली. म्हणजे ही बया रात्रभर शेजारणीचंच खात होती.

एकच बदलावी असा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण समांतर जोडणीत जुनी बॅटरी नवीलाही ओढून खाली आणते, म्हणून दोन्ही बदलल्या. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, हे पुटपुटतच काम केलं. मागे एकदा पाना बॉडीला टेकला होता, ती ठिणगी अजून डोळ्यांसमोर आहे. ती धुडं अरुंद कप्प्यातून बाहेर काढताना कंबरेने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आत्ता साडेअकरा वाजलेत. सगळे दिवे मुद्दाम लावून बसलोय.