शेपटीचं दुखणं

रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला माळवदाच्या घराइतकी गैरसोयीची जागा नसेल. छत बुटकं, मधे खांब, वर तुळया, आणि पंख्याचा वारा लागला की फटींतून पांढरी माती भुरभुर गळते. चौकात उडवावं म्हटलं, तर लातूरकडचं ऊन. स्वस्तातलं हेलिकॉप्टर टीव्हीच्या रिमोटसारखं इन्फ्रारेडवर चालतं. उन्हात इन्फ्रारेड इतकं ठासून भरलेलं असतं, की बिचाऱ्याला आपला हुकूम ऐकूच येत नाही. रेडिओलहरींवर चालणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झवाल्याला उन्हाची पर्वा नाही, पण तळहाताएवढ्या यंत्राला वाऱ्याची एक झुळूक पुरते. म्हणून बैठकीतच.

आजी खांबाला टेकून बसलेली असते. "कामून फिरवायलास रे ते घरात? पुढारी आल्यागत नुसता धुरळा!" निवडणुकीत शेतात उतरणारं हेलिकॉप्टर तिनं जवळून पाहिलंय, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

छताजवळ वेगळीच गंमत. पंख्याच्या वर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे तुळईच्या फार जवळ गेलं की ते आपणहून वर ओढलं जातं. थ्रॉटल, म्हणजे पंख्याचा वेग, कमी करेपर्यंत पातं लाकडावर बसलेलं असतं. पातं मोडणं हे स्वस्तातलं दुखणं. गरारीचे दाते गेले की मोटार नुसती घरघरते, पंखा ढिम्म. बॅटरीचे नखरे आणखी निराळे. लहान यंत्रात लिथियम-पॉलिमरचा एकच सेल असतो, ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. उडवून झाल्यावर तो गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही, फुगला असेल तर कधीच नाही. मे महिन्यात आमच्याकडे 'गार होऊ दे' म्हणजे रात्र होऊ दे.

पण मानाचं दुखणं शेपटीचं. मुख्य पंखा एका बाजूला फिरला की धड उलट्या बाजूला फिरू बघतं. त्याला धरून ठेवतो तो शेपटीचा इवलासा पंखा. इगॉर सिकोर्स्की या अभियंत्याचं व्हीएस-३०० हेलिकॉप्टर १९३९ मध्ये उडालं, आणि पुढे हीच रचना रूढ झाली. खेळण्यात तिथं बारकी ब्रशवाली मोटार असते. ती उड्डाणभर राबते, तापते, आणि ब्रश, म्हणजे आत वीज पोचवणारे घासते तुकडे, झिजले की बसते. मग हेलिकॉप्टर अंगात आल्यागत गरगरत खाली येतं.

शेपटीच्या पंख्याशिवायही भागतं म्हणा. आपल्या नौदलाच्या कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरवर एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरतात. एकाचा जोर दुसरा मारतो. नवशिक्यानं घरात तसलंच घ्यावं. मला ते फार गुणी वाटतं, म्हणून करमत नाही.

शेपटीची मोटार दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. तारा केसाएवढ्या बारीक, म्हणून सोल्डरिंगला स्टँडजवळच्या मोबाइलवाल्या पोराकडे जातो. तारा उलट्या जोडल्या की पंखाही उलटा, आणि गरगर जास्तच. पूर्वी हे मी बजावायचो. आता तोच विचारतो, "काका, लाल इकडंच ना?" जोडून झालं की पैशाचं बोलायच्या आधी रिमोट मागतो. वारा नको म्हणून शटर अर्धं खाली ओढतो आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगतो, "जरा थांबा, अर्जंट काम चालू हाय."