२१५० फुटांची रेघ

बामणोलीहून वासोटा किल्ल्याकडे जाणारी लाँच सुटल्यावर सगळ्यांनी मोबाईल काढले, मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाची जुनी शीट पसरली. ४७ जी या नकाशा-क्रमांकातली, १ इंचाला १ मैल, कोयना धरणाच्या आधीची. १९६० च्या दशकात धरण झालं, शिवसागर जलाशय भरला. शीटवर मात्र अजून नदीच वाहते आहे. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघून सह्याद्रीच्या कडेकडेनं दक्षिणेला येणारी, पुढे हेळवाकपाशी कराडकडे वळणारी. काठानं पिवळी शेतं, लाल ठिपक्यांची गावं आणि रानात चढणाऱ्या तुटक रेघांच्या पाऊलवाटा.

या शीटवर दर ५० फुटांना समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, आहे, आणि धरण पूर्ण भरलं की पाणी साधारण २१६३ फुटांवर असतं. म्हणून आदल्या रात्री २१५० ची रेघ निळ्या पेन्सिलीनं गिरवली. प्रत्येक ओढ्यात आत शिरायचं, सोंडेला वळसा घालून बाहेर यायचं. दोन्ही काठांच्या रेघा पुऱ्या झाल्या आणि मधली गावं वाचत गेलो, तेव्हा पोटात कालवलं.

लाँचवाल्याचे म्हातारे वडील सोबत होते. "बघू पाव्हणं," म्हणत त्यांनी कागद ओढला, लाँचच्या तोंडाकडे फिरवला. इंग्रजी येत नव्हतं, पण नदीचं वळण लगेच ओळखलं. नखानं एक तुटक रेघ धरून वर नेली. "ह्या वाटनं आई मला खांद्यावर घिऊन जायची. आन् हे देऊळ. मे महिन्यात पानी उतारलं की जोतं दिसतं." तेवढ्यात मागच्या पोरांनी स्पीकर लावला. मला मनापासून चीड आली. बाबा काही बोलले नाहीत, बोट तिथंच ठेवून बसले.

वासोटा चढलो, उतरलो. जंगल अप्रतिम, गर्दी नको इतकी.

पर्यटकांच्या नकाशांवर इथं नुसता निळा रंग असतो, हे मला पटत नाही. त्या निळ्यात बुडालेल्या गावांची नावं छापायलाच हवीत. परतल्यावर बाबा म्हणाले, "नातवासाठी मराठीत लिवून द्या." धक्क्यावर बसून लिहीत गेलो. स्पेलिंगवरून उच्चार लागेना तिथं ते सांगत होते. काही वाड्या शीटवर नव्हत्याच. त्याही त्यांनी जागा दाखवून माझ्याकडून घालून घेतल्या.