डच ऑफिसात 'बघतो' चालत नाही

पुण्यातल्या ऑफिसात मॅनेजरने 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' असं विचारलं आणि समोरचा 'बघतो, करतो प्रयत्न' म्हणाला, की खरं उत्तर दोघांनाही कळलेलं असतं. आवाजावरून, चेहऱ्यावरून, 'बघतो'च्या आधी घेतलेल्या श्वासावरून. आइंडहोवन किंवा अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑफिसात तेच वाक्य इंग्रजीत म्हटलं, तर ऐकणारा त्यातलं 'करतो' तेवढं उचलतो, शुक्रवार कॅलेंडरमध्ये टाकतो आणि पुढच्या टीमला कळवून टाकतो. शुक्रवारी काम तयार नसलं की त्याचा राग उशिरावर फारसा नसतो. मंगळवारीच माहीत होतं तर मंगळवारी का सांगितलं नाही, हे त्याला समजत नाही. तिथून भरवसा उडायला सुरुवात होते.

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या माणसाचं जे अडतं, त्यातलं बरंचसं इथूनच निघतं. इथे कोणी कोणाच्या मनातलं ओळखत बसत नाही. जमणार नसेल तर सांगायचं, पटलं नसेल तर सांगायचं, सुट्टी हवी असेल तर लेखी मागायची. कायदाही याच धाटणीचा आहे. हक्क भरपूर आहेत, पण त्यातले पुष्कळसे मागितल्याशिवाय हलत नाहीत.

आधी 'नाही' म्हणण्याबद्दल, कारण सगळ्यात जड तेच जातं. नकारात तीन गोष्टी असाव्यात: काय जमणार नाही, कधी जमेल, आणि आधीच हवं असेल तर कोणतं काम मागे ठेवावं लागेल. 'शुक्रवारपर्यंत टेस्टिंग पूर्ण होणार नाही. पुढच्या बुधवारी दुपारी होईल. शुक्रवारीच हवं असेल तर रिपोर्टचं काम पुढच्या आठवड्यात जाईल.' एवढंच. लांबलचक माफी नको, कारणांचं पाल्हाळ नको. तीन ओळी मिळाल्या की मॅनेजरला निर्णय घेता येतो आणि तो घेतोही. मात्र अडचण लक्षात आली त्याच दिवशी सांगायचं. डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी सांगितलेला नकार इथे नकार धरत नाहीत, शब्द मोडला असं धरतात. 'आफ्स्प्राक इज आफ्स्प्राक' म्हणजे ठरलं ते ठरलं, हे वाक्य इथे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं.

हे शिकता शिकता काही जण दुसऱ्या टोकाला जातात. डच लोक तोंडावर बोलतात, मग आपणही बोलू, असं ठरवून ते माणसावर बोलायला लागतात. इथला स्पष्टपणा कामाबद्दल असतो. 'या डिझाइनला हजार युजरचा भार पेलणार नाही, कारण अमुक क्वेरी' हे चालतं. 'तुला डिझाइन जमत नाही' हे इथेही उद्धटच ठरतं. आणि तुमच्या कामावर मीटिंगमध्ये कडक टीका झाली, तर टीका करणारा अर्ध्या तासाने शेजारी बसून पाव खाताना मुलांच्या फुटबॉलविषयी बोलेल. त्यात नाटक नसतं. त्याच्या डोक्यात त्या दोन गोष्टी वेगळ्याच असतात. तेवढ्यासाठी रात्रभर तळमळत बसू नका.

स्तुती मात्र मोजून मिळते. शाळेत गुण १ ते १० असतात, साडेपाचला पास, आठ म्हणजे फार छान, आणि दहा क्वचितच कोणाला. तीच मोजपट्टी ऑफिसात येते. 'निट स्लेख्त', म्हणजे 'वाईट नाही', ही बऱ्यापैकी शाबासकी समजावी. 'प्रीमा' म्हणजे काम झालं, पुढे चला. वार्षिक मूल्यमापनात आपली थोरवी गाणं इथल्या लोकांच्या अंगावर येतं, पण गप्प बसलात तर तुमच्या वतीने बोलणारं कोणी नसतं. तारखेसह पाच-सहा ठोस नोंदी न्या: काय केलं, त्यातून काय बदललं.

साहेबाला नावाने हाक मारायची. 'सर' म्हटलं की त्यालाच अवघडल्यासारखं होतं. डचमध्ये 'उ' म्हणजे आपलं अहो-जाहो आणि 'ये' म्हणजे अरे-तुरे. बहुतेक ऑफिसांत पहिल्या दिवसापासून 'ये' चालतं. पण समोरचा नोटरी, डॉक्टर किंवा वयस्कर ग्राहक असेल, तर 'उ'ने सुरुवात करा आणि तो म्हणेल तेव्हा बदला.

आता मीटिंग. इथे नवखा माणूस सगळ्यात जास्त चुकतो आणि त्याला ते कळतही नाही. निर्णय साहेब जाहीर करणार आणि आपण टिपून घेणार, या अपेक्षेने तो बसलेला असतो. प्रत्यक्षात टेबलावरच्या प्रत्येकाने काहीतरी बोलणं अपेक्षित असतं, इंटर्ननेसुद्धा. दोन-तीन मीटिंगांत तुम्ही गप्प राहिलात, तर तुम्ही आदराने गप्प आहात असं कोणाच्या मनातही येत नाही. एकतर तुमची संमती आहे असं धरतात, नाहीतर तुम्हाला विषयात रस नाही असं. बोलायला संधी मिळत नसेल, तर शेवटी 'राँडव्राख' नावाची फेरी असते, कोणाला काही विचारायचंय का याची. पण मोठा आक्षेप तिथे काढू नका. लोक लॅपटॉप मिटत असतात.

मोठ्या आक्षेपाची जागा मीटिंगच्या आधी असते. डच ऑफिसांत 'ड्राखफ्लाक' हा शब्द सारखा ऐकू येतो. निर्णयाला खालून मिळणारा आधार, असा त्याचा अर्थ. एखादा प्रस्ताव मांडायचा असेल तर ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे अशा तीन-चार जणांबरोबर आधी वीस-वीस मिनिटं कॉफी घ्या, त्यांच्या हरकती कागदावर घ्या, प्रस्तावात त्यांची उत्तरं घाला आणि मग मीटिंगला या. थेट मीटिंगमध्ये नवं काही टाकलं की तो विषय हमखास पुढच्या तारखेला जातो. या सगळ्याला वेळ लागतो, आणि भारतातून आलेल्या माणसाला तो वाया गेल्यासारखा वाटतो. माझं मत उलट आहे: एकदा असं सहमतीने ठरलं की अंमलबजावणीत पाय ओढणारे कमी निघतात. हा स्वभाव देशाच्या कारभारातही दिसतो. १९८२ च्या वासनार करारात कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना एकत्र बसल्या. पगारवाढ आवरती घ्यायची आणि बदल्यात कामाचे तास कमी करायचे, असं त्यांनी ठरवलं. अशा वाटाघाटीच्या रीतीला 'पोल्डर मॉडेल' म्हणतात.

मीटिंगला पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी मेसेज करा. अजेंडा नसलेलं आमंत्रण पाठवू नका. शेवटी कोण, काय, कधीपर्यंत याची यादी निघते. तुमच्या नावापुढची तारीख चुकीची वाटली तर तिथल्या तिथे बदलून घ्या. तारखांऐवजी लोक आठवड्यांचे क्रमांक बोलतात, 'आठवडा ३७ मध्ये देतो', म्हणून कॅलेंडरमध्ये क्रमांक दिसण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करावी.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. साडेपाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर किमान ३० मिनिटांची विश्रांती कायद्यानेच आहे. लोक पाव, चीज आणि 'कार्नेमेल्क' घेऊन एकत्र बसतात. कार्नेमेल्क आपल्या ताकाच्या जवळचं, फक्त दाट आणि बिनमिठाचं. डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून तिथेच बसा, जागेवर एकटं खाऊ नका. वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्हीच आणायचा. शुक्रवारी संध्याकाळच्या 'बोरल'ला, म्हणजे कामानंतरच्या खाण्यापिण्याच्या बैठकीला, दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही. शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथे येणाऱ्या 'बिटरबालन' या तळलेल्या गोळ्यांच्या आत सहसा गोमांसाचं सारण असतं. भाज्यांचे किंवा चीजचे प्रकार विचारून घ्या.

आजारपणात तर आपल्या सवयी पूर्ण उलट्या पडतात. सकाळी, कराराच्या नियमात दिलेल्या वेळेआधी, मॅनेजरला फोन करून 'मी आजारी आहे' असं कळवायचं. किती दिवस लागतील असं वाटतं, कुठे संपर्क करायचा, कोणतं काम कोणाकडे द्यावं लागेल, हे तो विचारू शकतो. काय झालंय, हे विचारायचा त्याला अधिकार नाही. आपण मात्र न विचारता ताप, जुलाब, रक्ताचे रिपोर्ट असं सगळं सांगून टाकतो. गरज नाही, सांगूही नका. फॅमिली डॉक्टरकडे सर्टिफिकेट मागायला जाऊ नका. आपल्याच पेशंटला असं सर्टिफिकेट इथले डॉक्टर देत नाहीत. काम करता येईल का, हे ठरवतो 'बेड्राइफ्सआर्ट्स', म्हणजे कंपनीने नेमलेला डॉक्टर. आजाराचं नाव तोही मॅनेजरला सांगू शकत नाही.

आजारपणाचे दिवस सुट्टीतून वजा होत नाहीत. पगार किमान ७० टक्के, जास्तीत जास्त १०४ आठवडे मिळतो. पुष्कळ सामूहिक करारांत पहिल्या वर्षी पूर्ण पगार असतो, म्हणून स्वतःचा करार वाचा. दुखणं लांबलं तर साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरचं विश्लेषण आणि आठव्या आठवड्यापर्यंत कामावर परतण्याचा आराखडा तयार व्हावा लागतो. मग हळूहळू तास वाढवत नेतात, आधी दिवसाला दोन तास, असं. कामाच्या ताणाने खचलेल्या माणसालाही हीच वाट आहे. चार महिने सहन करून मग कोसळण्यापेक्षा लवकर बोललेलं बरं, हे मी आग्रहाने सांगतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि या प्रसंगी हा देश माणसाला चांगलं सांभाळतो.

सुट्टी कायद्याने वर्षाला आठवड्याच्या तासांच्या चौपट, म्हणजे ४० तासांच्या आठवड्याला २० दिवस. बऱ्याच कंपन्या २५ च्या आसपास देतात. कायद्याचे दिवस सहसा पुढच्या वर्षीच्या १ जुलैला संपतात, कंपनीने वर दिलेले पाच वर्षं टिकतात, म्हणून आपल्या खात्यात कोणते किती आहेत ते पाहा. दिवाळी ही इथे सार्वजनिक सुट्टी नाही. अर्ज लेखी करा. लेखी अर्जाला कंपनीने दोन आठवड्यांत लेखी हरकत घेतली नाही, तर सुट्टी तुमच्या म्हणण्याप्रमाणे पक्की होते. तोंडी विचारणाऱ्याला हे संरक्षण नाही. गावी चार-पाच आठवडे जायचं असेल तर सहा महिने आधी बोला, तुमच्या मागे काम कोण बघणार याच्या नावासकट, आणि तिकीट मंजुरीनंतर काढा. सुट्टीत आजारी पडलात तर त्याच दिवशी कळवा आणि तिथल्या डॉक्टरचा कागद ठेवा, म्हणजे ते दिवस परत मिळवता येतात. मे-जूनमध्ये जी मोठी रक्कम येते ती बोनस नसून 'फकान्सीखेल्ट', म्हणजे वार्षिक पगाराच्या किमान ८ टक्के सुट्टीभत्ता. नोकरीची ऑफर वाचताना तो आकड्यात धरलाय की वेगळा आहे, हे विचारा.

संध्याकाळी साडेपाचला ऑफिस रिकामं होतं. उशिरापर्यंत बसणारा कष्टाळू ठरत नाही; त्याचं नियोजन फसलंय का, असं विचारतात. बुधवारी किंवा शुक्रवारी कितीतरी जण नसतात, कारण आठवड्याला चार दिवस काम करणं इथे पुरुषांनाही परकं नाही. वडिलांनी मुलांसाठी घेतलेल्या दिवसाला 'पापादाख' म्हणतात. दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत २६ आठवडे झाल्यावर तास कमी करण्याचा अर्ज करता येतो, हव्या त्या तारखेच्या दोन महिने आधी, आणि सबळ कारण असल्याशिवाय कंपनी तो नाकारू शकत नाही. पण तुमचा परवाना 'केन्निसमिग्रांट'चा, म्हणजे परदेशातून आलेल्या उच्चकुशल कर्मचाऱ्याचा असेल तर आधी हिशेब करा: तास कमी केल्यावरही पगार परवान्याच्या किमान मर्यादेच्या वर राहायलाच हवा.

कराराचं थोडक्यात. सहा महिने किंवा त्याहून लहान करारात प्रोबेशन ठेवताच येत नाही. त्याहून मोठ्या पण दोन वर्षांच्या आतल्या करारात कमाल एक महिना, दोन वर्षांच्या किंवा कायमच्या करारात कमाल दोन. नोकरी सोडताना नोटीस सहसा एक महिन्याची, पण ती महिनाअखेरीपासून मोजतात: ५ मार्चला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस ३० एप्रिल. कंपनीनेच जायला सांगितलं आणि 'सहमतीने करार संपवण्याचा' कागद पुढे केला, तर तिथे बसून सही करू नका. वकिलाला दाखवा. सही झालीच असेल, तर १४ दिवसांत कारण न देता लेखी मागे घेता येते. याच प्रसंगी आपली माणसं भिडेपोटी सही करून येतात. 'केन्निसमिग्रांट'ला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला कमाल तीन महिने मिळतात, आणि शेवटची तारीख काय ठरतेय त्यावर ते अवलंबून असतं. ती तारीख पुढे सरकवून मागणं इथे अगदी रीतसर समजतात.

शेवटी भाषा. काम इंग्रजीत निभतं, पण जेवणाच्या टेबलावरचं बोलणं डचमध्ये सुरू असतं आणि पुष्कळ गोष्टी तिथेच कळतात. तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. 'डचच बोला, मला सराव हवाय' असं त्याला सांगावं लागतं, तेही एकदा नव्हे, दर वेळी. मराठी माणसाला एक सोय आहे. डच लोक चोवीसला 'चार आणि वीस' म्हणतात, एकक आधी, आपल्यासारखंच. आणि 'हाल्फ ड्री' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. इंग्रजी सवयीने ऐकणारा एक तास उशिरा पोचतो. मराठीतलं 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलंय, म्हणजे तिसरा अर्धा. 'हाल्फ ड्री'चा अर्थही अगदी तोच. लिहिताना मात्र १४:३० असंच लिहा.