सही कोणाची, होकार कोणाचा

गेली काही वर्षे मी माणसांवरील संशोधनाचे प्रस्ताव तपासून परवानगी देणाऱ्या एका संशोधन नैतिकता समितीवर सामान्य नागरिकांच्या वतीने सदस्य म्हणून बसते. समितीत डॉक्टर असतात, वकील असतात, संख्याशास्त्र जाणणारे असतात. आणि ज्याला यांपैकी काहीच येत नाही असाही एक माणूस मुद्दाम घेतला जातो, कारण संशोधनात सहभागी होणाऱ्यांपैकी बहुतेकांना यांपैकी काही येत नसते. माहितीपत्रक आणि संमतिपत्रक वाचून ते समजते की नाही हे सांगणे, एवढेच मुख्यत्वे माझे काम. सुरुवातीला मी अवघड शब्दांखाली रेघा ओढून परत देत असे. आता प्रथम एकच गोष्ट शोधते : ज्याला ‘नाही’ म्हणायचे आहे त्याने ते कोणाला आणि कसे सांगायचे, हे या कागदांत कुठे लिहिले आहे का?

बहुतेक वेळा एक ठरावीक वाक्य सापडते. आपण कोणतेही कारण न देता केव्हाही सहभाग थांबवू शकता आणि त्याचा आपल्या उपचारांवर परिणाम होणार नाही. वाक्यात खोट काढण्यासारखे काही नाही. मात्र ते वाचून दाखवणारी व्यक्ती अनेकदा तीच असते, जी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रुग्णाचा ताप पाहणार असते, त्याची मलमपट्टी करणार असते किंवा त्याला आधार देऊन अंघोळीला नेणार असते. तिने प्रेमाने विचारले असेल तर नाही म्हणणे आणखीच कठीण. नियमावल्या दबावाविषयी आणि प्रलोभनाविषयी बोलतात. भिडेविषयी सहसा बोलत नाहीत. आणि माझा अनुभव असा, की आजारी किंवा परावलंबी माणसाकडून मिळणाऱ्या होकारांत भिडेचा वाटा धाकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

नियम नव्हते म्हणून अत्याचार झाले, ही समजूतही इतिहासात टिकत नाही. जर्मनीतील न्युरेम्बर्ग येथे, छळछावण्यांतील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल नाझी राजवटीतील २३ जणांवर चाललेल्या ‘डॉक्टरांच्या खटल्या’चा निकाल १९४७ साली लागला आणि त्यातील दहा कलमांच्या संहितेने स्वेच्छेने दिलेल्या संमतीला पहिले स्थान दिले, हे या विषयावरील प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. त्याच जर्मनीत १९३१ साली नव्या उपचारांविषयी आणि माणसांवरील प्रयोगांविषयी सरकारी मार्गदर्शक सूचना निघाल्या होत्या आणि त्यांतही संमतीची अट होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. छळछावण्यांतील प्रयोग झाले ते त्यानंतर.

टस्कीगी येथील प्रकरण तर मला भिडेच्या अंगानेच सर्वाधिक अस्वस्थ करते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ साली अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग होता. रोगाचे खरे नाव न सांगता तुमचे ‘रक्त खराब आहे’ एवढेच त्यांना सांगण्यात आले. पाठीच्या मणक्यातून द्रव काढण्याची वेदनादायक तपासणी ‘खास मोफत उपचार’ म्हणून पुढे केली गेली, आणि शवविच्छेदनाला मान्यता दिल्यास अंत्यविधीचा खर्च दिला गेला. पेनिसिलिन हा खात्रीचा इलाज १९४० च्या दशकात सर्वत्र वापरात आला, तरी या माणसांना तो मिळू दिला नाही. हे लपूनछपून चाललेही नव्हते. अभ्यासाचा पहिला अहवाल १९३६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि नंतरही अहवाल येत राहिले. वाचणाऱ्या डॉक्टरांपैकी फार थोड्यांना त्यात काही खटकले. पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने १९६० च्या दशकात आतल्या आत तक्रारी केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही, आणि अखेर त्याने दिलेल्या माहितीवरून १९७२ साली बातमी प्रसिद्ध झाली तेव्हा अभ्यास बंद पडला.

या सगळ्यात एक परिचारिका होती. ती त्याच समाजातली, लोकांच्या घरी जाणारी, त्यांची विचारपूस करणारी, तपासणीसाठी त्यांना स्वतः गाडीतून नेणारी. माणसे दशकानुदशके त्या अभ्यासात टिकून राहिली त्यात तिच्यावरील विश्वासाचा वाटा फार मोठा होता. ती दुष्ट होती असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण सोडून पुढे जाता येत नाही. काळजी आणि संशोधन एकाच हातात असले, की काळजीने मिळवलेला विश्वास संशोधनाच्या खात्यावर खर्च होतो आणि खर्च करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हीच गल्लत कोणाचीही फसवणूक न करता होऊ शकते. पॉल ॲपलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली तिला नाव दिले. मराठीत तिला ‘उपचाराचा भ्रम’ म्हणता येईल. नव्या औषधाच्या चाचणीत कोणाला ते औषध मिळेल आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, असे स्पष्ट सांगितल्यावरही पुष्कळ रुग्ण मनात धरून चालतात की आपले डॉक्टर आपल्यासाठी योग्य तेच निवडतील. डॉक्टर या शब्दाचा त्यांना ठाऊक असलेला अर्थच तो आहे. म्हणून चाचणीची संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी न घेता दुसऱ्या कोणी घ्यावी, असा आग्रह मी धरते. मनुष्यबळ नाही, हे उत्तर दर वेळी मिळते. ते खोटे नसते, तरी माझा आग्रह कायम आहे.

सामाजिक काळजीच्या क्षेत्रात, म्हणजे वृद्धनिवासांसारख्या ठिकाणी, प्रश्न अधिक बारीक होतात, कारण तिथे सुई नसते, औषध नसते. असतात त्या मुलाखती आणि निरीक्षणे, आणि त्यामुळे ‘यात कसला आला धोका?’ असे म्हणणे सोपे जाते. गोपनीयतेसाठी नावे बदलली आहेत, असे प्रस्तावात लिहिलेले असते. परंतु तीस माणसांच्या निवासात ‘पूर्वी शिक्षिका असलेल्या, मुलाशी बोलणे टाकलेल्या एक ज्येष्ठ महिला’ एवढे वर्णन केले, की तिथल्या स्वयंपाकघरापर्यंत सर्वांना ती व्यक्ती कळते. त्या बाईंनी काळजीवाहकांविषयी काही तक्रार सांगितली असेल, तर अहवाल छापून झाल्यावर संशोधक निघून जातो आणि बाई त्याच काळजीवाहकांच्या हाती राहतात.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या दिनक्रमाचा असाच एक अभ्यास आमच्यापुढे आला होता. निर्णयक्षमता ही असते किंवा नसते अशी एकसंध गोष्ट नाही. पैशाचे व्यवहार न कळणाऱ्या माणसाला आपल्या खोलीत कोण बसावे हे नीट कळू शकते. तरीही समितीने, माझ्यासह, जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती पुरेशी मानून परवानगी दिली. दोन महिन्यांनी संशोधक विद्यार्थिनीने आपण होऊन आम्हाला पत्र लिहिले. एक आजी, विद्यार्थिनी वही घेऊन जवळ बसली की दर वेळी चादर डोक्यावरून ओढून घेत, आणि ती उठून गेली की चादर खाली येई. मुलाची सही झालेली होती. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘आईला त्यातलं काय कळतंय? तुम्ही लिहा.’

बैठकीत यावर तासभर चर्चा झाली. चादर ओढण्याला अनेक कारणे असू शकतात, उजेड, थंडी, सवय, असे एका सदस्यांनी म्हटले आणि ते चुकीचे नव्हते. विद्यार्थिनीने सांगितले, की तिने आठवडाभर वही न नेता जाऊन पाहिले होते. आजींनी चादर ओढली नाही, तिचा हात धरून ठेवला. कागदोपत्री संमती शाबूत असतानाही तिने आजींविषयी तोवर लिहिलेली सर्व पाने अभ्यासातून काढून टाकण्याची परवानगी मागितली, आणि आम्ही ती दिली.

अंतिम अहवालात सहभागींचा तक्ता असतो आणि गळलेल्या सहभागींपुढे कारण लिहावे लागते. ‘नातेवाइकांनी संमती मागे घेतली’ असे लिहिणे सोयीचे होते, आणि मार्गदर्शकांनी तेच सुचवले होते. तिने त्या रकान्यात लिहिले होते : ‘स्वतः नकार दिला.’